घरी बसून शिकलेली पदवी

१९७१ मध्ये मुंबई विद्यापीठाने पत्रद्वारा शिक्षण सुरू केलं, तेव्हा नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोला जेमतेम वर्ष झालं होतं आणि खारघर, कोपरा, मुर्बी ही डोंगराच्या पायथ्याची शेतीची गावं होती. पुढे १९८५ मध्ये दिल्लीत इग्नू हे मुक्त विद्यापीठ स्थापन झालं आणि १ जुलै १९८९ रोजी नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. नंतरच्या काळात खारघरमध्ये सेक्टरमागून सेक्टर उभे राहिले. इथे राहायला आलेल्यांत नोकरीमुळे किंवा लग्नामुळे शिक्षण अर्धवट राहिलेले पुष्कळ होते. सीएसएमटीला लोकलने जायलाच तासाभराहून अधिक लागतो; त्यांनी कॉलेजला जायचं तरी कधी?

या माणसांचा विचार नाशिकच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले यांनी आधीच केला होता. बारावी नसलेल्यांसाठी पूर्वतयारी अभ्यासक्रम ठेवून त्यांनी पदवीचं दार उघडलं. मला हा निर्णय महाराष्ट्रातल्या शिक्षणाच्या इतिहासात फार मोठा वाटतो. शाळा सुटलेल्या कितीतरी बायका त्या दारातून आत गेल्या. ताकवले पुढे इग्नूचेही कुलगुरू झाले.

दूरशिक्षणाचं खरं मर्म मात्र त्याच्या पुस्तकात आहे. मी इग्नूचं एम.ए. खारघरला राहूनच केलं. त्या पुस्तिकांत प्रत्येक घटकाच्या सुरुवातीला उद्दिष्टं असतात, मध्येमध्ये छोटे प्रश्न येतात, त्यांच्याखाली उत्तरासाठी रिकाम्या ओळी सोडलेल्या असतात आणि उत्तरं घटकाच्या शेवटी. वर्गात मास्तर थांबून ‘कळलं का?’ विचारतात, ते काम इथे त्या रिकाम्या ओळी करतात. मागचं पान न उलटता त्या पेन्सिलीने भरल्या की आपल्याला काय येत नाही ते लगेच दिसतं. माझ्या ओळखीत जे पास झाले, ते जवळजवळ सगळे या ओळी भरणारे होते. नुसत्या वाचणाऱ्यांना परीक्षेत तीन तास लिहिणं जड गेलं.

दुसरी गोष्ट स्वाध्यायांची, म्हणजे घरी लिहून द्यायच्या उत्तरांची. तयार उत्तरं झेरॉक्सच्या दुकानात विकत मिळतात. ती उतरवून गुण मिळतीलही, पण परीक्षेआधी लिहिण्याचा जो सराव व्हायचा तो बुडतो. अभ्यासक्रम पुरा करायच्या मुदतीचं तसं दडपण नसतं. दोन वर्षांचं एम.ए. चार वर्षांपर्यंत पुरं करता येतं. ही सवलत आजारपण, बाळंतपण, बदली यांसाठी आहे. रोजचा तास ठरलेला नसेल, तर तीच सवलत अभ्यासक्रम गिळून टाकते. घरातल्यांनी तो तास पाळू दिला पाहिजे, विशेषतः बायकांना.

सप्टेंबर २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) मान्यताप्राप्त दूरशिक्षणाच्या पदव्या नियमित पदव्यांच्या बरोबरीच्या असल्याचं स्पष्ट केलं. त्यामुळे ‘बाहेरून केलंय’ म्हणून कुणी खाली बघायचं कारण उरलेलं नाही.

इग्नूचे प्रवेश जानेवारीत आणि जुलैत होतात. डिजिटल पुस्तकं घेतल्यास शुल्कात थोडी सवलत मिळते. तरी परवडत असेल तर अर्जात छापील पुस्तकंच मागा, आणि सोबत पेन्सिल ठेवा.