तळपायावरचा तीळ

दिवसभर कपाशीत निंदणी करून आलेल्या बाईचे तळपाय पाहिलेत? जामनेरच्या शिवारातली काळी माती भेगांत अशी मुरते की दगडाने घासूनही निघत नाही. त्यात एखादा काळा ठिपका मातीचा नसेलच, तर तो कुणाच्या ध्यानात येणार?

त्यातून बाई गरोदर असली तर अंगभर काळपटपणाच चालू असतो. बेंबीखाली रेघ उमटते, गालांवर वांग येतो. वाढलेली संप्रेरकं त्वचेतल्या रंगपेशींना जास्त रंग करायला लावतात. या पेशी गोऱ्या आणि सावळ्या कातडीत जवळपास सारख्याच संख्येने असतात. फरक त्या करतात त्या रंगाचा. पण खरं नवल आत, पोटात घडतं. आईच्या पोटावर रेघ दिसायच्या आधीच बाळाच्या रंगपेशी प्रवासाला निघालेल्या असतात. पुढे जिचा मेंदू आणि मज्जारज्जू होतो, त्या नळीच्या कडेला त्या जन्मतात आणि तिथून चालत चालत टाळूपासून तळपायापर्यंत पोचतात. अंगठ्याच्या नखाखालची रंगपेशीसुद्धा कधीकाळी पाठीवरून आलेली!

एकदा जागेवर बसल्या की त्या बहुधा स्थिर होतात. मेलॅनोमा या कॅन्सरमध्ये मात्र एखादीला ती जुनी चाल पुन्हा आठवल्यासारखं होतं. म्हणून तो किती पसरलाय यापेक्षा किती खोल उतरलाय हे डॉक्टर मिलिमीटरमध्ये मोजतात. ॲलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७० साली हे माप सांगितलं. १ मिलिमीटरच्या आत सापडला, तर बहुतेकदा तेवढा भाग कापून काढणं पुरतं.

भारतात हा आजार विरळा. पण आपल्या कातडीवर तो उन्हात रापणाऱ्या चेहऱ्यापेक्षा तळपायावर, नखाखाली जास्त सापडतो. तिथे उन्हाचा संबंधच नसतो. मग त्याला कुरूप समजतात, नाहीतर ठेच लागून रक्त साकळलं म्हणतात. बॉब मार्ली या गायकाच्या अंगठ्याच्या नखाखाली तो १९७७ मध्ये सापडला आणि १९८१ मध्ये, अवघ्या ३६ व्या वर्षी, मार्ली गेला.

गरोदरपणामुळे हा कॅन्सर भडकतो, असं पूर्वी डॉक्टरही मानत. आताचे बहुतेक अभ्यास म्हणतात, त्याच टप्प्यावर सापडला तर गरोदर बाई आणि इतर बायका यांच्या जगण्यात मोठा फरक पडत नाही. घोटाळा उशिराचा आहे. पोट ताणलं की पोटावरचा तीळ रुंदावतो, ते ठीक. पण पायावरचा तीळ पसरला, त्याची कड वेडीवाकडी झाली, रक्त आलं, तर ‘दिवस आहेत म्हणून’ हे उत्तर चालत नाही. जागा बधिर करून तुकडा तपासणं गरोदरपणातही करता येतं.

आईचा कॅन्सर वार ओलांडून बाळापर्यंत जाणं अतिशय दुर्मीळ. पण जे थोडे कॅन्सर वारेपर्यंत पोचतात, त्यांत मेलॅनोमा आघाडीवर. अशा बाळंतपणात वार पुरण्याऐवजी प्रयोगशाळेत पाठवतात आणि पुढे काही महिने बाळाच्या अंगावरही नजर ठेवतात.

शेत सुटून सव्वा महिना घरात काढल्यावर बाळंतिणीचे पाय शेवटी निवळतात. तेल लावून काशाच्या वाटीने तळवे घासणारी बाई दिव्याजवळ बसलेली असते. माती केव्हाच गेलेली. टाचेशी मसुराएवढा काळा डाग तेवढा तिथेच.