वाळवंटातील उद्यान

अमेरिकेतील फीनिक्स शहरी १९३९ साली स्थापन झालेले वाळवंटी वनस्पतींचे उद्यान पाहिले, म्हणजे वाळवंट ओसाडच असते हा समज गळून पडतो. प्रवेशद्वाराशी डेल चिहुली यांनी घडविलेले हिरवट काचेचे टोकदार मनोरे आहेत. त्यांहून विलक्षण शिल्प मात्र निसर्गाचे आहे, आणि ते म्हणजे सग्वारो निवडुंग. पाऊस पडताच त्याचे चुणीदार खोड पाण्याने फुगते. सुतारपक्षी त्यात ढोली कोरतो. तो गेल्यावर चिमुकले घुबड तेथे संसार थाटते. हा निवडुंग रात्रीच्या गारव्यातच रंध्रे उघडून हवा आत घेतो. २०२३ च्या उन्हाळ्यात तेथे सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांपलीकडे गेला, रात्रीही निवल्या नाहीत, आणि उद्यानातील काही सग्वारो कोसळले. उन्हात तगणाऱ्यालाही रात्रीचा विसावा लागतोच.