फिरत्या मुक्कामात पिण्याचे पाणी
बारामती-इंदापूरच्या जिरायती भागातील मेंढपाळ कुटुंबे घोड्यांवर बिऱ्हाड लादून महिनोन्‌महिने मेंढ्यांमागे फिरतात. कचरा नगण्य, शिवाय रानाला लेंडीखत. धोका मात्र रोज बदलणाऱ्या पाण्याचा. ओढ्या-विहिरीचे नितळ पाणीही दूषित असू शकते. ते गाळून उकळा. उकळी फुटल्यावर किमान १ मिनिट उकळू द्या. सरपण वाचवायचे असल्यास क्लोरीनची गोळी पाकिटावरील प्रमाणात टाकून ३० मिनिटे थांबा.

मुलाला जुलाब झाल्यास १ लिटरचे ओआरएसचे पूर्ण पाकीट १ लिटर शुद्ध पाण्यात मिसळून थोडे थोडे पाजा. अंगावरचे दूध थांबवू नका. डोळे खोल गेले, लघवी कमी झाली किंवा मूल सुस्तावले, तर पुढच्या मुक्कामाची वाट न पाहता लगेच जवळचे आरोग्य केंद्र गाठा.