एकाच नावाचे दोन रकाने

आपल्या रुग्णालयाच्या अहवालातील आकडे कसे तयार होतात, अशी विचारणा अनेक देणगीदार व रुग्णांचे नातेवाईक आमच्याकडे वेळोवेळी करतात. यंदा या कामात एक तांत्रिक अडचण उद्भवली. वरवर ती केवळ संगणकाची वाटली, तरी तिचा संबंध थेट निर्धन रुग्णांच्या निधीशी होता. म्हणून तिचे स्वरूप व तिची उकल येथे मांडणे आम्हांस आवश्यक वाटते.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ कक अन्वये धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखीव असतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत स्वतंत्रपणे जमा करावी लागते. या निधीचा हिशेब चोख ठेवणे हे आमचे कायदेशीर आणि नैतिक असे दुहेरी कर्तव्य आहे.

हा हिशेब एका दृष्टिक्षेपात दिसावा म्हणून आम्ही ‘पॉवर बीआय’ ही संगणक प्रणाली वापरतो. देयक विभागाचा तक्ता आणि समाजसेवा विभागाचा एक्सेलमधील तक्ता रुग्ण क्रमांकाच्या आधारे तीत एकत्र जोडले जातात. दोन्ही तक्त्यांत ‘अमाउंट’ नावाचा रकाना होता. पहिल्यात त्याचा अर्थ उपचारांचे एकूण देयक असा, तर दुसऱ्यात निधीतून दिलेली सवलत असा होता. पहिल्या शीर्षकाचे आद्याक्षर इंग्रजी मोठ्या लिपीत होते, दुसरे संपूर्ण लहान लिपीत. तक्ते जोडले गेले. परंतु माहिती अंतिम मांडणीत भरताना, या नावाचा रकाना आधीच अस्तित्वात आहे, असे सांगून प्रणाली थांबली.

याचे कारण असे. या प्रणालीत काम दोन टप्प्यांत चालते. माहिती निवडून स्वच्छ करणारा पहिला टप्पा, म्हणजे ‘पॉवर क्वेरी’, मोठ्या व लहान अक्षरांत भेद करतो. त्यामुळे ही दोन शीर्षके त्यास भिन्न वाटली. माहिती साठवणारा दुसरा टप्पा असा भेद मानत नाही आणि एका तक्त्यात एका नावाचा एकच रकाना स्वीकारतो. ज्या टप्प्यावर चूक दिसली, त्याच्या आधीच्या टप्प्यात तिचे मूळ होते.

घाईच्या वेळी आम्ही सर्वांत सोपा उपाय केला. एका नावापुढे १ हा अंक जोडला. प्रणाली मुकाट्याने चालू लागली. पण पुढील आलेखात नेमका चुकीचा रकाना निवडला गेला. समजा, एखाद्या रुग्णाचे देयक ४०,००० रुपयांचे झाले आणि त्यास निम्मी, म्हणजे २०,००० रुपयांची सवलत मिळाली. तर आमचा आलेख सवलत ४०,००० रुपये दाखवीत होता. लेखा विभागाने खातेवहीशी ताळा घेतल्यामुळे हे विवरण बाहेर जाण्यापूर्वीच चूक ध्यानात आली. अन्यथा जी मदत दिलीच नाही, तिचे श्रेय आम्ही घेतले असते.

त्यानंतर आम्ही कामाची पद्धत निश्चित केली. प्रथम सर्व शीर्षकांची यादी काढून तिच्यातील मागचीपुढची रिकामी जागा काढतो, सर्व अक्षरे लहान लिपीत आणतो आणि कोणते नाव दोनदा येते ते पाहतो. डोळ्यांना न दिसणारी पुनरुक्ती अशा यादीत तत्काळ उघड होते. मग तक्ते जोडण्यापूर्वीच प्रत्येक रकान्यास त्याच्या अर्थाचे नाव देतो : ‘उपचार देयक रक्कम’ आणि ‘निधीतून दिलेली सवलत’. नाव बदलल्यावर जुन्या नावावर विसंबलेल्या पुढील पायऱ्या अडतात. त्याही एकेक तपासून घेतो. माहिती थेट मूळ संचातून मागविताना ‘सर्व रकाने’ न मागता आवश्यक तेवढेच नावानिशी मागतो. कारण रुग्ण क्रमांकासारखा रकाना दोन्ही तक्त्यांत असतोच.

येथे एक खुलासा करणे उचित ठरेल. रुग्ण क्रमांकासारखे मूल्य जेथे एकदाच यावयास हवे तेथे दोनदा आले, तरीही तक्त्यांचा परस्परसंबंध जोडताना ही प्रणाली पुनरुक्तीची तक्रार करते. तो दोष नोंदींचा असतो, शीर्षकांचा नव्हे. दोन्ही तक्रारी सारख्या भासल्या तरी ज्वराप्रमाणेच प्रत्येकीचे निदान वेगळे करावे लागते.

यंत्राने काम अडविले तेव्हा आम्हांस प्रथम वैताग आला, हे प्रांजळपणे नमूद करतो. वस्तुतः ‘अमाउंट’ म्हणजे नक्की कोणती रक्कम, हा त्याचा प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर देणे हे आमचेच काम होते. आता कोणताही नवा रकाना सुरू करताना त्याचे नाव व अर्थ दोन्ही विभाग एकत्र बसून ठरवितात आणि निधीचे प्रत्येक विवरण खातेवहीशी ताडून पाहिल्यावरच पुढे जाते. आपण विश्वासाने दिलेला प्रत्येक रुपया योग्य रकान्यात नोंदला जावा, हीच आमची यामागील भावना आहे.