सॉफ्टवेअर कधी पूर्ण होईल, हे सांगणं इतकं अवघड का असतं?

एप्रिल 1994. अमेरिकेतल्या डेन्व्हर शहराचा नवा विमानतळ बांधून तयार होता. बॅगा आपोआप विमानापर्यंत पोहोचवणारी, कॉम्प्युटरवर चालणारी यंत्रणा बघायला पत्रकारांना बोलावलं होतं. त्यांच्या डोळ्यांदेखत बॅगा फाटल्या आणि कपडे रुळांवर विखुरले.

हा विमानतळ ऑक्टोबर 1993 मध्ये सुरू होणार होता. झाला 28 फेब्रुवारी 1995 ला, 16 महिने उशिरा. तोवर शहराला रोज साधारण 10 लाख डॉलरचा भुर्दंड पडत होता.

अंदाज चुकला कुठे? खरं तर अंदाजाला जागाच नव्हती. उद्घाटनाची तारीख आधी ठरली आणि काम त्यात कोंबलं गेलं. एका विमान कंपनीपुरती असलेली यंत्रणा पुढे सगळ्या विमानतळासाठी करायची ठरली, तारीख मात्र तीच. म्युनिकच्या विमानतळावर याहून साध्या यंत्रणेच्या नुसत्या चाचण्यांना दोन वर्षं लागली होती. पुण्या-मुंबईतल्या आयटीवाल्यांना हे ओळखीचं वाटेल: क्लायंटला तारीख देऊन झाल्यावर टीमला विचारायचं, "किती दिवस लागतील?"

घर बांधताना दुसरी भिंत पहिलीसारखीच असते, त्यामुळे हिशोब जमतो. सॉफ्टवेअरची दुसरी प्रत मात्र कॉपी करून मिळते. म्हणून माणसांना बसून लिहावा लागतो तो भाग बहुतेक वेळा नवाच असतो, आणि त्यातल्या अडचणी काम सुरू झाल्यावरच कळतात.

डेन्व्हरमध्ये सुमारे 4000 छोट्या गाड्या रुळांवरून बॅगा नेणार होत्या. एका बाजूला गर्दी झाली की रिकाम्या गाड्या तिकडे वळायच्या आणि दुसरीकडे बॅगा ताटकळायच्या. कुठली गाडी कधी कुठे पाठवायची, हे कोडं कागदावर दिसत नव्हतं.

बॅरी बोहम या अमेरिकन तज्ज्ञाने 1981 मध्ये मांडलं की अगदी सुरुवातीचा अंदाज चौपट जास्त किंवा एक चतुर्थांश इतका कमी निघू शकतो. म्हणजे "चार महिने" याचा अर्थ एक ते सोळा महिने! असं उत्तर मीटिंगमध्ये कोण ऐकून घेईल?

शेवटी डेन्व्हरने साधे पट्टे बसवून विमानतळ उघडला. ती यंत्रणा एकाच विमान कंपनीपुरती उरली आणि 2005 मध्ये कायमची बंद झाली.