घर बदलताना माशांचा मुक्काम कुठे?

बदलीचा हुकूम येतो, ट्रक ठरतो आणि घरात बांधाबांध सुरू होते. कपाटे, भांडीकुंडी, मुलांची पुस्तके, एकेक करून सारे खोक्यांत जाते. पण अंगणातल्या हौदात हौसेने वाढवलेले गोल्डफिश आणि कोई कोणत्या खोक्यात भरणार? शेवटच्या दिवशी हा प्रश्न उभा राहतो आणि बादली, पातेले, जे हाती लागेल त्यात मासे कोंबले जातात. दोन-तीन दिवसांत एकेक मासा तरंगू लागतो. मुलांचे डोळे भरून येतात आणि 'प्रवास सोसला नाही' असे म्हणून मोठी माणसे स्वतःची समजूत घालतात.

पुष्कळदा दोष प्रवासाचा नसतो. दोष असतो तात्पुरत्या टाकीतल्या पाण्याचा.

स्वच्छ दिसणारे पाणी

मासे कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतात. जुन्या हौदात, विशेषतः त्याच्या फिल्टरमध्ये, उपयुक्त जिवाणू वाढलेले असतात. ते या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग त्यामानाने निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नव्या टाकीत हे जिवाणू नसतात. ते पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पाणी काचेसारखे नितळ दिसले तरी ते विषारी होऊ शकते.

म्हणूनच जुन्या फिल्टरमधला स्पंज किंवा खडे नळाखाली धुऊ नका. हौदाच्याच पाण्यात ओले ठेवून ते तात्पुरत्या टाकीच्या फिल्टरमध्ये घाला. ते वाळले की जिवाणू मेलेच म्हणून समजा.

आधी टाकी, मग ट्रक

बोटभर लांबीच्या डझनभर गोल्डफिशसाठी पाण्याची 500 लिटरची प्लास्टिकची टाकी काही आठवडे पुरते. कोई मोठे असतील, तर त्यांना याहून बरीच मोठी जागा हवी. टाकी नवी किंवा साबणाचा अंश नसलेली असावी. तांब्या-पितळेची भांडी आणि जस्ताचा मुलामा दिलेल्या बादल्या वापरू नयेत. हे धातू माशांना घातक ठरतात.

टाकी सावलीत ठेवा. पाणी जितके तापते, तितका त्यात प्राणवायू कमी राहतो आणि बदल्या तर बहुधा मे-जूनमध्येच होतात! वर जाळी बांधा. नव्या जागेत मासे उड्या मारतात, शिवाय मांजराचीही भीती असते. हवेचा पंप रात्रंदिवस चालू हवा. वीज गेली, तर मगाने पाणी उचलून उंचावरून पुन्हा टाकीतच ओतत राहावे. तेवढ्यानेही पाण्यात हवा मिसळते.

निम्मे पाणी जुन्या हौदाचे घ्या. उरलेले नळाचे असेल, तर त्यातले क्लोरीन आधी काढून टाका. पाणी पसरट भांड्यात उघड्यावर दिवसभर ठेवले की क्लोरीन बरेचसे उडून जाते. माशांच्या दुकानात मिळणाऱ्या सोडियम थायोसल्फेटने हे काम लगेच होते. पुढे दर एक-दोन दिवसांनी चौथाई पाणी बदला. खाणे अगदी बेताचे द्या, कारण अन्न जितके जास्त तितका अमोनियाही जास्त.

हलवण्याची रीत

निघण्याआधी एक-दोन दिवस माशांना उपाशी ठेवा. त्यांना त्याने काही होत नाही, पण वाटेत पाणी घाण होत नाही. हौदातले पाणी उतरवून मासे पसरट टबात वळवून घ्यावेत. जाळीने ओढल्यास खवले निघतात. प्लास्टिकच्या पिशवीत एक तृतीयांश पाणी आणि बाकी प्राणवायू भरून ती अंधाऱ्या खोक्यात ठेवा. प्रवास पहाटे करावा. मासे जुन्या घरातून सर्वांत शेवटी निघावेत आणि नव्या घरात सर्वांत आधी पोहोचावेत.

तेथे पिशवी पंधरा-वीस मिनिटे टाकीत तरंगू द्या. थोडे थोडे टाकीचे पाणी तिच्यात घाला आणि मग फक्त मासे टाकीत सोडा, पिशवीतले पाणी नको.

नव्या घरात रंगकाम किंवा झुरळ-ढेकणांसाठी फवारणी व्हायची असेल, तर ती आधीच उरकून घ्या. कीटकनाशकांचा अल्प अंशही माशांचा जीव घेऊ शकतो आणि हवेचा पंप तो थेट पाण्यात ओढून आणतो.

नव्या हौदाची घाई नको

सिमेंटचा कोरा हौद बांधला, तर त्यातून चुना पाण्यात उतरतो. हौद भरणे, काही दिवस ठेवणे आणि रिकामा करणे, असे अनेकदा केल्याशिवाय मासे त्यात सोडू नयेत. तोवर तात्पुरती टाकीच त्यांचे घर.

नदीत सोडणे ही दया नव्हे

एवढा खटाटोप नको म्हणून काही जण मासे जवळच्या तलावात किंवा नदीत सोडतात आणि पुण्य केल्याचे समाधान मानतात. पण बाहेरून आलेले मासे स्थानिक माशांच्या मुळावर येतात. 1952 साली भारतात आणलेला तिलापिया, म्हणजेच आपली चिलापी, उजनी धरणात किती फोफावली हे तेथील मच्छीमारांना विचारावे. मत्स्यपेटीतून बाहेर पडलेला सकर मासाही आज देशातल्या अनेक जलाशयांत ठाण मांडून बसला आहे.

मासे नेणे शक्यच नसेल, तर ज्यांच्याकडे आधीपासून हौद आहे अशा शेजाऱ्यांना किंवा माशांच्या दुकानदाराला ते द्यावेत. निर्णय मात्र ट्रक दारात उभा राहिल्यावर नव्हे, तर पंधरा दिवस आधी घ्यावा. टाकी भरायला, फिल्टर जमायला आणि मुलांनाही निरोपाची तयारी करायला तेवढा अवधी हवाच.