सर्वांना सामावणारे समुपदेशन : विविध समाज, खेळाडू आणि समुपदेशकाची घडण

सर्वसमावेशक समुपदेशन म्हणजे सल्लार्थीची जात, धर्म, भाषा, लिंगभाव, लैंगिक कल, अपंगत्व आणि आर्थिक स्थिती यांचा त्याच्या मनःस्थितीशी असलेला संबंध ओळखून केलेले मानसिक साहाय्य. अमेरिकन मानसतज्ज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५७ साली समानुभूती, सच्चेपणा आणि बिनशर्त स्वीकार यांना उपचारात मध्यवर्ती स्थान दिले. पण स्वीकार करायचा तर समोरच्याचे जग ठाऊक हवे. ही गरज मानसतज्ज्ञ डेराल्ड विंग स्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये पुढे आणली. त्यांच्या मांडणीचे तीन भाग आहेत : स्वतःच्या पूर्वग्रहांची जाणीव, सल्लार्थीच्या समाजाचे ज्ञान आणि त्यानुरूप कौशल्ये. यांतला पहिला भाग सर्वांत अवघड. वसतिगृहातला विद्यार्थी जातीवरून होणाऱ्या अपमानाबद्दल बोलू लागला आणि समुपदेशकाने ‘तू फार मनाला लावून घेतोस’ असे म्हटले, तर उपचार तिथेच थांबतो.

भारतात गरज मोठी आणि मनुष्यबळ तोकडे आहे. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार वेगवेगळ्या मानसिक विकारांतील ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचत नव्हते. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ ने लिंग, लैंगिक कल, धर्म, जात, वर्ग वा अपंगत्व यांवरून भेदभाव न होता उपचार मिळणे हा हक्क मानला. समलिंगी संबंध गुन्हा नाहीत, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला. लैंगिक कल ‘बदलण्याचे’ उपचार हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले.

या क्षेत्रात येण्यासाठी मानसशास्त्राचे किंवा समुपदेशनाचे पदव्युत्तर शिक्षण आणि अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखालचा सराव हा रूढ मार्ग आहे. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने २०१२ मध्ये ‘आयकॉल’ ही दूरध्वनी सेवा सुरू केली. मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्ह ही संस्था एलजीबीटीक्यू व्यक्तींना सन्मानाने समजून घेणाऱ्या समुपदेशनाचे प्रशिक्षण देते. बदल छोट्या गोष्टींपासून सुरू होतो. नोंदणीच्या अर्जावर स्त्री-पुरुष एवढेच रकाने नसावेत. कर्णबधिर सल्लार्थीसाठी घरच्या माणसाऐवजी सांकेतिक भाषेचा प्रशिक्षित दुभाषी असावा, कारण आईसमोर आईविषयीची तक्रार कोण सांगणार?

खेळाडूंच्या बाबतीत याला आणखी एक पदर जोडला जातो. नाशिकचे भीष्मराज बाम यांनी पोलीस सेवेतून निवृत्त झाल्यावर योगाच्या आधारे अनेक नेमबाजांची एकाग्रता घडवली आणि मराठी वाचकांना क्रीडा मानसशास्त्राची ओळख करून दिली. मात्र कामगिरी उंचावणे आणि मनाचे आरोग्य राखणे ही दोन वेगळी कामे आहेत. २००८ मध्ये बीजिंगला सुवर्णपदक जिंकल्यानंतर आलेल्या रितेपणाबद्दल आणि नैराश्याबद्दल नेमबाज अभिनव बिंद्रा जाहीरपणे बोलले आहेत. पदक मिळाले म्हणून मन ठीक आहे, असे धरून चालत नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनेही २०१९ मध्ये या विषयावर तज्ज्ञांचे सहमतिपत्र प्रसिद्ध केले.

तालमीतल्या मल्लाचे उदाहरण घेता येईल. गट ५७ किलोचा, काट्यावर दीड किलो जास्त. आदल्या दिवशी तो जाड कपडे घालून पळतो, पाण्याचा घोटही घेत नाही. वजन बसले की ताटावर तुटून पडतो. खुराकासाठी वडिलांनी कर्ज काढलेले असते. असा मल्ल ‘नैराश्य’ म्हणत नाही; ‘डोकं जड झालंय, अंगात जोर राहिला नाही’ असे म्हणतो. जाणता समुपदेशक त्याला झोप, जेवण, वजन, दुखापत आणि घरचे देणे यांविषयी विचारतो आणि गरज भासल्यास क्रीडावैद्यक व आहारतज्ज्ञाची मदत घेतो.

काही वेळा ताण नियमांतूनच येतो. तमिळनाडूची धावपटू शांती सौंदराजन हिचे २००६च्या दोहा आशियाई स्पर्धेतील ८०० मीटरचे रौप्यपदक लिंगचाचणीनंतर काढून घेण्यात आले. धावपटू द्युती चंदला २०१४ मध्ये संप्रेरकांच्या पातळीविषयीच्या नियमावरून राष्ट्रकुल संघातून वगळले गेले. २०१५ मध्ये क्रीडा लवादाने तो नियम स्थगित केला. अशा खेळाडूची भीती ‘स्पर्धेचा ताण’ समजून श्वसनाचे व्यायाम देणे म्हणजे अन्यायाचा भार तिच्याच डोक्यावर ठेवणे होय. तिथे समुपदेशकाने तिला वैद्यकीय व कायदेशीर मदतीपर्यंत पोहोचवले पाहिजे.

गोपनीयता हा कसोटीचा मुद्दा. प्रशिक्षकाचा फोन येतो : ‘रविवारी खेळेल ना ती?’ समुपदेशकाचे मानधन संघटना देत असली, तरी खेळाडूच्या संमतीवाचून उत्तर देता येत नाही. गोपनीयतेच्या मर्यादा पहिल्याच भेटीत सांगाव्या लागतात. जिवाला धोका असेल तर मौन पाळता येत नाही आणि अल्पवयीन खेळाडूवर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळल्यास २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार कळवणे बंधनकारक आहे.

एकाच समुपदेशकाला प्रत्येक समाजाचे आणि प्रत्येक खेळाचे ज्ञान असणे शक्य नाही. म्हणून ज्येष्ठांकडून कामाची नियमित तपासणी, सल्लार्थीकडूनच शिकण्याची तयारी आणि आपल्या आवाक्याबाहेरची व्यक्ती योग्य तज्ज्ञाकडे पाठवणे हा या व्यवसायाचा कायमचा भाग ठरतो. शुल्क परवडत नसलेल्यांना सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक सांगणे, हेही त्याच कर्तव्यात येते.